तोंड समोर ठेव

मोबाईलच्या दुकानात पाऊल टाकल्या टाकल्या घारीने काउंटरमागच्या माणसाला विचारलं, "यातल्या कुठल्या फोनात माणसाचं तोंड नीट दिसतं?"

विचारलं कसलं, दुकानाच्या काचा थरथरल्या. कव्हरं चिवडत उभी असलेली दोन गिऱ्हाइकं दचकून बाजूला झाली.

"मावशी, जरा हळू. सगळ्यातच दिसतं," टायवाला विक्रेता म्हणाला.

"चेहरा नाही म्हणत मी. तोंड. ओठ कसे हलतात, जीभ दाताला लागली की टाळ्याला, तेवढं दिसलं पाहिजे. बाकी तुमचं काय असेल ते असू दे."

टायवाल्याने आजवर नाना तऱ्हेची गिऱ्हाइकं पाहिली होती. कुणाला फोटो काढायचे असत, कुणाला खेळ खेळायचे असत, आणि बऱ्याच जणांना नुसता शेजाऱ्यापेक्षा मोठा फोन हवा असे. पण जीभ बघायला आलेलं गिऱ्हाईक हे पहिलंच. त्याने आपलं पाठ केलेलं सुरू केलं. कॅमेरा असा, बॅटरी तशी, आतली जागा इतकी की सात पिढ्यांचे फोटो मावतील. घार त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिली. या बघण्यावरूनच कारखान्यात तिचं नाव घार पडलं होतं. तो थांबल्यावर ती म्हणाली, "मागच्या पिढ्या सगळ्या मेल्या, पुढची एकच. मला एका पोराचं तोंड बघायचंय. दाखवा."

घारीची सगळी हयात कापडाच्या कारखान्यात गेली होती, विणाई खात्यात. शेकडो माग एकदम धडधडू लागले की कानाशी बंदूक उडाली तरी कळत नसे. मग बायका ओठांनी बोलत. आवाज काढायचाच नाही. तोंड मोठं उघडायचं, एकेक शब्द चावून दाखवायचा. या टोकाच्या बाईने त्या टोकाच्या बाईला सासूची कागाळी सांगावी, आणि मधून चाललेल्या साहेबाला वाटावं बायका जांभया देतायत. त्या खात्यात साहेबाची जेवढी अब्रू निघाली तेवढी कुठल्या चव्हाट्यावर निघाली नसेल.

पण कान जायचे ते जात. मालकाने कापसावर माड्या चढवल्या, पण बायकांच्या कानात घालायला चिमूटभर कापूस काही त्या मेल्याच्या हातून सुटला नाही. वर बहिरी झालेली बाई मागावर ठेवायची नाही असा नियम. अपघात झाला तर भरपाई कोण देणार? म्हणून माग थांबले की साहेब मधूनच मागून यायचा आणि नावाने हाक मारायचा. वळली तर ठीक, नाही तर घरी. घारीच्या समोरच्या मागावर बोलघेवडी असे, घारीची जिवाभावाची मैत्रीण. ती भुवई उडवायची, की घार लगेच मागे वळून म्हणायची, "काय साहेब?" आणि बोलघेवडीच्या पाठीमागे साहेब आला की घार भुवई उडवायची. अशा दोन भुवयांवर दोन बायकांची नोकरी टिकली. भिंतीलाही कान असतात म्हणतात. या दोघींना नव्हते.

घारीने हे कुणाला म्हणून सांगितलं नाही. पोटच्या पोराला तर मुळीच नाही. नवरा पोर रांगायच्या आत गेला होता, चूल त्या मागावर पेटत होती, आणि पोरांच्या पोटात काही राहत नाही. कुणी विचारलंच तर ती म्हणायची, "येतं की ऐकू. जरा कमी येतं, एवढंच."

म्हणून तिला तोंड दिसणारा फोन हवा होता. जुन्या बटणाच्या फोनवर मुलगा दर रविवारी बोलायचा आणि ती "हं, हं, बरं" म्हणायची. हं कुठे म्हणायचं हे ती अंदाजाने ठरवायची. मागाहून तिला कळलं, एकदा तो म्हणाला होता की मी पायऱ्यांवरून पडलो, आणि ती म्हणाली होती, "छान झालं." पुढचे दोन रविवार फोन आला नव्हता.

आणि आता अंदाजाने भागण्यासारखं नव्हतं. कारखाना बंद पडून काळ लोटला होता, आणि कामगारांची इमारतही पाडायची ठरली होती. उन्हाळा संपायच्या आत खोल्या रिकाम्या करा, अशी चिठ्ठी प्रत्येक दारावर डकवली होती. मुलगा दुसऱ्या शहरात होता, चांगल्या नोकरीवर. घर मोठं झालं की तुला घेऊन येतो, असं तो लग्नाच्या वेळी म्हणाला होता. तेव्हा तो समोर उभा राहून म्हणाला होता, म्हणून तिला पक्कं ठाऊक होतं. आता घर मोठं झालं होतं. विचारायचं होतं ते एवढंच, की कधी येतोस. आणि तो काय उत्तर देतो ते तिला बघायचं होतं.

"असं करा," ती टायवाल्याला म्हणाली. "तुम्ही एक फोन घेऊन बाहेर रस्त्यावर जा. मी इथे एकेक फोन हातात धरते. तुम्ही तिकडून बोला."

"आणि आवाज?"

"आवाज बंद."

टायवाला मान हलवत बाहेर गेला. पहिल्या फोनात त्याचे ओठ चिखलात बुडाल्यासारखे दिसले. दुसऱ्यात ओठ हलायचे, थबकायचे, मग तीन शब्द एकदम उड्या मारत यायचे. तिसऱ्यात मात्र तो लख्ख दिसला. तो त्याच्याशेजारी चहा पीत उभ्या असलेल्या दुकानातल्याच दुसऱ्या माणसाला काहीतरी सांगत होता. घार गालात हसली. तो परत आला तेव्हा तिने तिसरा फोन काउंटरवर ठेवला.

"हा द्या. आणि म्हातारी आज डोकं खाणार म्हणालात, तर घाबरू नका. दात राहिलेत कुठे मला?"

टायवाला कानापर्यंत लाल झाला. काचेवरचा चिकट कागद त्याने फुकट लावून दिला, तोही स्वतःच्या हाताने, बुडबुडा न येऊ देता.

फोन घरी आला आणि खोलीत एक हट्टी पाहुणा आल्यासारखं झालं. हे चालेल का, ते चालेल का, तुम्ही कुठे आहात ते सांगू का, तुमचे फोटो बघू का, असे त्याचे प्रश्न संपेनात. घार प्रत्येकाला हो म्हणत गेली. तिला वाटलं, विचारतोय तर कुणीतरी ऐकत असेल. मग तिच्या लक्षात आलं, हाही साहेबासारखाच. उत्तर काय द्यायचं ते आधीच ठरलेलं, विचारायचं ते नुसतं रीत म्हणून. तोंड दाखवल्याशिवाय तो उघडायचा नाही. सकाळी उठून ती त्याला तोंड दाखवायची, तो उघडायचा, आणि आत कुणी नसायचं. कुणीतरी कर्ज घ्या म्हणायचं, कुणीतरी केस वाढवा.

घंटी तिला ऐकू यायची नाही. मागाचा दोरा तुटला की पूर्वी तिच्या तळपायांना कळायचं. जमिनीचा ठेकाच बदलायचा. तीच युक्ती तिने केली. फोन थरथरायला लावला, लाकडी स्टुलावर ठेवला, आणि बसताना गुडघा स्टुलाला टेकवून बसायची सवय लावून घेतली. जेवताना गुडघा स्टुलाला, भाजी निवडताना गुडघा स्टुलाला. शेजारच्या खोल्या एकेक करून रिकाम्या होत होत्या. जिन्यावरून खाली जाणारी कपाटं आणि गाद्या तिला पायाखाली कळायच्या. सगळा मजला रिकामा झाल्यावर जमीन अगदी गप्प झाली. उरली ती, आणि स्टूल.

नव्या फोनवरून तिने पहिल्यांदा बोलघेवडीला बघितलं. बोलघेवडी लांब, तिच्या मुलीकडे राहायला गेली होती. मुलीने फोन आईपुढे धरला. बोलघेवडीच्या डोळ्यांत दुधासारखा पांढरा पडदा होता. ती फोनच्या जरा डावीकडे बघत होती.

मुलगी पडद्यावर तोंड आणून म्हणाली, "मावशी, तिला आता दिसत नाही. ऐकू तर आधीच येत नव्हतं. पण बोलते. दिवसभर बोलते. आवाज मात्र काढत नाही, नुसतं तोंड हलवते. आम्हाला काही कळत नाही. डोक्यावर परिणाम झालाय म्हणतात डॉक्टर."

डोक्यावर परिणाम! घारीला त्या डॉक्टरला मागाखाली घालावंसं वाटलं. बोलघेवडी स्वच्छ बोलत होती, एकेक शब्द चावून, जुन्या रीतीने. मागाचा धोटा अडकलाय बघ. साहेबाने नवीन चपला घेतल्या, चालतो कसा बघ, बदकासारखा. माझ्यासमोर कुणी आहे का? असलं तर बसा. कुणी आहे का?

"आहे, मी आहे," घार म्हणाली. आधी ओठांनी, मग ओरडून. पण एकीला दिसत नव्हतं आणि ऐकूही येत नव्हतं, आणि दुसरी पडली फोनात, हात लावता येत नव्हता. जगाने एवढं मोठं यंत्र शोधलं, त्यात चंद्रसुद्धा जवळ दिसतो म्हणे; पण म्हातारीच्या तळव्यावर एक टिचकी मारायची सोय त्यात नाही.

तरी घार अधूनमधून फोन लावायची आणि बोलघेवडी बोलताना बघत बसायची. कुणीतरी बघायला नको?

रविवारी दुपारी स्टूल थरथरलं. घारीने केस नीट केले, फोन पिठाच्या डब्याला टेकवून उभा केला आणि बोट फिरवलं. मुलगा आला. चेहरा मोठा, स्वच्छ, खिडकीचा उजेड नेमका तोंडावर. टायवाल्याचं भलं होवो. मागे जेवणाच्या टेबलाशी सून काहीतरी चिरत बसली होती.

"आई! ऐकू येतंय का?" मुलगा ओरडला. ओरडतोय हे तिला मानेच्या शिरांवरून कळायचं. लहानपणापासून त्याच्या मानेच्या शिरा अशाच फुगायच्या. मुलाचा स्वभावच तापट, बापावर गेलाय, असं ती सगळ्यांना सांगत आली होती.

"येतंय, येतंय. जेवलास का?"

"जेवलो! तू?"

"मी पण. अरे, ती चिठ्ठी लागलीय बघ दारावर. मजल्यावर आता मी एकटीच. तू म्हणाला होतास ना, घर मोठं झालं की..." तिचं बोलणं अडखळलं. मागावर उभं राहून तिने साहेबाला शिव्या घातल्या होत्या, पण पोराकडे मागताना जीभ जड झाली. "कधी येतोस न्यायला?"

मुलाची पापणी लवली. "एक मिनिट हं आई! दारात कुणीतरी आलंय!"

त्याने बोट पुढे केलं. पडद्याच्या कोपऱ्यात माइकवर आडवी रेघ आली. त्याने आवाज बंद केला होता. तोंड बंद करायचं त्याला सुचलं नाही. फोन तसाच समोर, उजेड तसाच तोंडावर, आणि तो अर्धवट बायकोकडे वळून बोलू लागला.

"झालं. आली विषयावर."

सुनेने सुरी खाली ठेवली. तिचं तोंड कॅमेऱ्यापासून लांब होतं, पण घारीने याहून लांबची तोंडं वाचली होती. "मग सांग ना कधी जातोस. किती दिवस टोलवणार? आणूया त्यांना. ती मागची खोली रिकामीच आहे."

"तुला बोलायला काय जातंय? तू तिच्याबरोबर राहिली नाहीस. ऐकू येत नाही तिला. सकाळी उठल्यापासून ओरडायचं. पाणी हवंय, ओरडून सांग. ताप आलाय, ओरडून सांग. शाळेत पहिला आलो तेही ओरडून सांगितलं, सगळ्या मजल्याला कळलं, तिने नुसती मान हलवली. मी घरात कधी हळू बोललेलोच नाही गं. पुन्हा तेच नको मला. ती आली की कारखाना येईल घरात."

"अरे, पण जातील कुठे त्या?"

"बघू. एखादी खोली बघून देऊ तिथेच. आणि आता फोन घेतलाय ना तिने चांगला. रोज दिसतो आपण तिला. आणखी काय पाहिजे?"

घार हलली नाही. सासूच्या कागाळ्यांपासून साहेबाच्या लफड्यांपर्यंत आयुष्यभर तिने ओठांवरून काय काय उचललं होतं. पण हे असं नव्हतं. पोर तिच्या डोळ्यांसमोर, पहिल्यांदाच, हळू बोलत होतं. मानेची शीर सपाट. ओठ सैल, सावकाश. त्याचं तोंड एवढं देखणं हलतं हे तिला ठाऊकच नव्हतं. आणि शब्द असे.

मग तिच्या ध्यानात आलं. तो तापट नव्हता. तो तिच्यासाठी ओरडत होता. तो मागून ओरडायचा, तिला त्याच्या पावलांचा ठेका जमिनीतून कळायचा, ती वळायची, त्याचे ओठ बघायची आणि उत्तर द्यायची. पोराला वाटायचं, ओरडलो म्हणून ऐकू आलं. ज्या खोटेपणाने साहेबाला फसवून तिने पोराचं पोट भरलं, त्याच खोटेपणाने पोराचा घसा सोलला होता. ओरडायची कधी गरजच नव्हती. नुसतं समोर यायचं होतं.

कोपऱ्यातली रेघ गेली. मानेच्या शिरा परत आल्या. "हां आई! काय म्हणत होतीस?"

"कोण होतं दारात?"

"कुरिअरवाला!"

"बरं," घार म्हणाली. मग ती फोनच्या जवळ सरकली आणि तिने आवाज जेवढा खाली आणता येईल तेवढा आणला. किती खाली आला हे तिला कळायला मार्ग नव्हता. "हे बघ. तू आत्ता बायकोशी बोललास ना, ते हळू बोललास. इतकं हळू तू माझ्याशी कधीच बोलला नाहीस. आणि मला सगळं कळलं रे. एकूण एक शब्द."

मागे सुनेने तोंडावर हात नेला.

"कान माझे तू चालायला लागायच्या आधीच गेले होते. मी तोंडं वाचते. तुझंही तोंडच वाचत होते. सांगायला हवं होतं, नाही सांगितलं. नोकरी गेली असती. तुझं ओरडणं मला एकदाही ऐकू आलं नाही, बाळा. तू उगाच ओरडलास. आता सांग, हळूच सांग. मी आले तर..."

मुलाने मान खाली घातली. तो काहीतरी बोलत होता. खांद्यांवरून ते दिसत होतं. पण तोंड छातीत गेलं होतं, आणि घारीला दिसत होता फक्त त्याचा भांग, मधोमध विरळ होत चाललेला.

"वर बघून बोल," ती म्हणाली. "मला दिसत नाही."

मान वर आली नाही. खांदे हलत राहिले. कदाचित तो ये म्हणत होता. कदाचित नको म्हणत होता. काहीही म्हणत असेल.

रडणाऱ्या पोराची हनुवटी आई बोटाने वर करते. घारीने तेच केलं. बोट पुढे नेलं आणि त्याच्या हनुवटीखाली काचेवर टेकवलं. तांबडं बटण नेमकं तिथेच होतं. मुलगा गेला. काळ्या काचेत तिचंच तोंड आलं.

घार गुडघा स्टुलाला लावून बसली. पोराला वाटणार, आईने रागाने फोन आपटला. ती स्वतः लावू शकली असती. पण तिला वाटलं, आता त्याने लावावा. उन्हाचा पट्टा जमिनीवरून भिंतीवर चढला. मग स्टूल एकदाच, हलकं थरथरलं. फोन नव्हता. चार शब्द लिहून आले होते.

"आई, आवाज तुटत होता, काहीच कळलं नाही. खोलीचं पुढच्या रविवारी बोलू."

तिने ते ओठ हलवत वाचलं. आवाज तुटत होता म्हणे. वा रे शहाण्या. आईला कळलं, पण मला काही कळलं नाही, असं म्हणायची मोकळीक त्याला या यंत्राने दिली होती. कारखान्यात अशी सोय नव्हती. तिथे एकदा तोंडातून सुटलं की सुटलं, आणि मग दुसऱ्या दिवशी त्याच मागाशी समोरासमोर उभं राहावं लागायचं.

तिने एकेक अक्षर शोधून उत्तर लिहिलं. "खोलीचं मी माझं बघते. तू ओरडत जाऊ नकोस. तोंड समोर ठेव, तेवढं पुरे." दोन खुणा निळ्या झाल्या. त्याने वाचलं होतं. खाली ठिपके नाचू लागले, तो काहीतरी लिहीत होता. मग ठिपके थांबले. पुन्हा नाचले. पुन्हा थांबले, ते थांबलेच.

तेव्हा घारीने बोलघेवडीला फोन लावला. मुलीने तो आईसमोर उभा करून ठेवला आणि ती कामाला निघून गेली. बोलघेवडी जरा डावीकडे बघत बोलत होती. दोरा तुटलाय. कुणी आहे का समोर? असलं तर बसा.

घार बसली. तिने तोंड उघडलं आणि आवाज न काढता, एकेक शब्द चावून, सगळं सांगायला सुरुवात केली. पोराने काय म्हटलं, सुनेने काय म्हटलं, भांग कसा विरळ झालाय, हनुवटी कशी हाती आली नाही. बोलघेवडी तिच्या धोट्याचं सांगत होती, साहेबाच्या चपलांचं सांगत होती. दोघींतली एकही थांबेना. मध्येच, सवयीने, घारीने भुवई उडवली.

तिकडे कुणी वळलं नाही. तरी दोघी दिवेलागणीपर्यंत बोलत होत्या.